रंगीत रोल मळका, कृष्णधवल बरा: जुन्या कॅमेऱ्यातला दोष कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. घरच्या कपाटातून आजोबांचा नाहीतर काकांचा पेंटॅक्स, मिनोल्टा किंवा याशिका निघतो. आधी कृष्णधवल रोल घालून बघतात, तो छान येतो. मग हौसेने रंगीत रोल घालतात आणि सगळे फोटो मळके. "कॅमेरा गेला का हो?" असं विचारत माणूस येतो. बहुतेक वेळा गेलेला नसतो. दोष पहिल्या रोलमध्येही होताच, फक्त कृष्णधवल फिल्मने तो पोटात घातला आणि रंगीत फिल्मने चहाडी केली. म्हणून दोन्ही रोल शेजारी ठेवून बघितले की निम्मं निदान स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता होतं.

लक्षणं आधी

तुमच्या फोटोंत यातलं नेमकं काय दिसतं ते ठरवा.

सावल्या काळ्या न येता हिरवट-तपकिरी येतात, दाणा मोठा दिसतो: प्रकाश कमी पडला.

सगळ्या फ्रेमवर पिवळी किंवा नारिंगी झाक: फिल्टर, घरातले दिवे किंवा पिवळी पडलेली लेन्स.

कडेपासून आत घुसलेला लाल-नारिंगी पट्टा: मागच्या झाकणातून उजेड शिरतो.

भर उन्हातले फोटो जास्त उजळ, सावलीतले ठीक: अॅपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी, पाती चिकटतात.

फ्रेमची एक बाजू काळोखी, तीही फक्त १/५०० किंवा १/१००० सेकंदाच्या शटरला: शटरचे पडदे.

सगळंच धुरकट, दिव्यांभोवती वलय: लेन्समध्ये बुरशी किंवा वाफेचा थर.

आणि उलटी तक्रार, म्हणजे रंगीत छान पण कृष्णधवल पातळ किंवा ढगाळ: कॅमेऱ्याला हात लावू नका, दोष डेव्हलपिंगचा, म्हणजे फिल्म धुण्याचा आहे. त्याबद्दल पुढे.

फुकटची तपासणी: निगेटिव्ह बघा, स्कॅन नको

हल्ली बरेच जण रोल कुरिअरने मुंबई-पुण्याला धाडतात आणि फोनवर स्कॅन मागवतात. निगेटिव्ह परत मागवायचा कंटाळा करतात. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या अकलेने उजळ करतो, रंग बदलतो. त्यावरून कॅमेऱ्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. निगेटिव्ह परत घ्याच.

आता फोनची स्क्रीन पूर्ण पांढरी करून त्यावर पट्टी धरा. फ्रेमच्या बाहेर, छिद्रांच्या ओळीत फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतील. ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत आणि चित्र मात्र पातळ, तर फिल्म नीट धुतली गेली आहे आणि कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालं, मग लॅबशी बोला. आकडे ठीक पण दोन फ्रेममधली मोकळी जागाच करडी पडली असेल तर फिल्म जुनी आहे, उन्हात तापली आहे किंवा क्ष-किरणांनी भाजली आहे. या एका नजरेने पुढची बरीच वणवण वाचते, म्हणून ती पहिली.

प्रकाश कमी पडला की रंगीतच का बिघडतं? रंगीत निगेटिव्हमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाला जागे होणारे वेगवेगळे थर असतात. सावलीत उजेड अपुरा पडला की ते सारखे जागे होत नाहीत आणि सावलीला भलताच रंग चढतो. कृष्णधवल फिल्मला रंगच नाही, त्यामुळे सावलीतला तपशील गेला तरी काळं ते काळंच दिसतं आणि स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट वाढवला की फोटो उलट रुबाबदार वाटतो. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त प्रकाश हसत सहन करते, एक स्टॉप कमी पडला तर लगेच रुसते. शंका असेल तर एक स्टॉप जास्तच द्या.

एएसएची चकती आणि विसरलेला फिल्टर

दुसरी तपासणीही फुकट. एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती जागी होते त्याचा आकडा. एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स हे ४०० चे कृष्णधवल रोल. ते संपल्यावर रंगीत कोडॅक गोल्ड घातला, तो २०० चा. जुना कॅमेरा डबीवरचा कोड वाचत नाही, चकती हातानेच फिरवावी लागते. पेंटॅक्स के१००० मध्ये शटर स्पीडच्या चकतीची कड वर उचलून फिरवली की एएसएचा आकडा बदलतो, आणि हे माहीत नसलेले कितीतरी जण ती कधी फिरवतच नाहीत. चकती ४०० वर राहिली की अख्खा रोल एक स्टॉप कमी. नवा रोल घातला की डबीचा कागदी तुकडा मागच्या झाकणाच्या खोबणीत खोचा आणि त्यात बघूनच चकती लावा.

तसाच फिल्टर. कृष्णधवलसाठी लावलेला पिवळा फिल्टर रंगीत रोललाही तसाच राहतो आणि पणजीतल्या फोंतेन्यासच्या निळ्या भिंती हिरव्या येतात. व्ह्यूफाइंडरमधून बघताना डोळा पाच मिनिटांत त्या पिवळेपणाला सरावतो, म्हणून लेन्स समोरून बघा. ज्या कॅमेऱ्याचा मीटर उजेड लेन्समधून न मोजता बाहेरून मोजतो, उदाहरणार्थ झेनिट-ई, त्यात आणखी एक घोटाळा होतो: फिल्टरने अडवलेला उजेड मीटरला कळत नाही. पिवळ्याला साधारण एक स्टॉप, नारिंगीला दोन, गडद लालला तीन हाताने वाढवावे लागतात.

मीटर कशावर धरला होता

मीटरला जग करडं वाटतं. त्याच्यापुढे पणजीच्या चर्चचा पांढराशुभ्र दर्शनी भाग धरला, किंवा मंगेशीची दीपमाळ, किंवा मे महिन्यातली कळंगुटची वाळू, तर तो तिला करडी करायला निघतो आणि दीड स्टॉप कमी प्रकाश देतो. माडांच्या रांगेतून समुद्र घेताना आकाश फ्रेममध्ये येतं, तेव्हाही तेच. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर एक ते दीड स्टॉप वाढवा. किंवा त्याच उन्हात स्वतःचा तळवा धरून मीटर वाचा आणि त्यावर एक स्टॉप वाढवा. तळवा नेहमी बरोबर असतो.

मीटर बंदच असेल तर डबीच्या आतला जुना नियम: कडक उन्हात अॅपर्चर एफ/१६ आणि फिल्मच्या आकड्याएवढा शटर, म्हणजे २०० ला १/२५० चालेल. वाळूवर एफ/२२. पावसाळ्यातल्या झाकोळात एफ/५.६, आणि धो-धो पडत असेल तर आणखी उघडा.

घरातले फोटो हा वेगळाच विषय. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीचे फोटो दरवर्षी कुणीतरी आणतं: सुपारीचे घड, नारळ, तोरिंग, रानातली फळं, वर बांधलेली आणि खाली एक पिवळा बल्ब. रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेली असते, बल्बखाली ती नारिंगीच येणार. त्यात निळ्या थराला उजेड जवळजवळ मिळतच नाही, म्हणून सावल्या चिखलासारख्या. हा कॅमेऱ्याचा दोष नाही. सकाळी खिडक्या-दारं उघडून, बल्ब बंद करून घ्या, नाहीतर फ्लॅश वापरा. तिथे कृष्णधवल ४०० चा रोल खरंच सोयीचा. मात्र पिकलेली सुपारी आणि हिरवी पानं त्यात एकाच करड्या छटेत मिसळतात, हेही लक्षात ठेवा.

बाहेरही तेच होतं. "कृष्णधवल सपाट आलं" म्हणून दाखवायला आणतात तो फोटो बहुधा चिऱ्यांच्या भिंतीचा आणि मागच्या झाडीचा असतो. डोळ्याला लाल-हिरवा भेद प्रचंड, फिल्मला दोन्ही जवळपास सारखेच उजळ. नारिंगी फिल्टर लावा, चिरे उजळतात, पानं गडद होतात. कॅमेरा उघडायची गरज नाही.

बॅटरी: खरा गुन्हेगार

वरचं सगळं ठीक असेल आणि कॅमेरा १९६०-७० च्या काळातला असेल, तर माझा पहिला संशय इथेच. मिनोल्टा एसआरटी १०१, ऑलिंपस ओएम-१, कॅनोनेट, याशिका मॅट १२४जी यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले. ते सेल पर्यावरणाच्या कारणाने बाजारातून गेले. घड्याळजी त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसवून देतो, काटा हलतो, सगळे खूश. पण व्होल्टेज जास्त म्हणून मीटरला उजेडही जास्त वाटतो आणि तो प्रकाश कमी द्यायला सांगतो. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, म्हणून चूकही रोज वेगळी. कृष्णधवल रोलमध्ये हे खपून जातं. रंगीतमध्ये नाही.

तपासायचं कसं? फोनवर लाइट मीटरचं फुकट अॅप घ्या. सावलीतली एक साधी, एकरंगी भिंत निवडा, कॅमेरा आणि फोन दोन्हीतून फक्त भिंतच दिसेल इतके जवळ जा आणि आकडे ताडा. मग उन्हातल्या भिंतीवर आणि घरातल्या भिंतीवर तेच करा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच, समजा एक स्टॉप, तर एएसएची चकती तेवढी खाली लावा आणि विषय संपवा. फरक ठिकाणागणिक बदलत असेल तर सेल बदला.

कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल औषधाच्या दुकानात मिळतो, साधारण १.४ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत तोच टिकवतो. तो मूळ सेलपेक्षा लहान आहे, भोवती रबरी वॉशर बसवावा लागतो. सेलवरची बारीक भोकं बंद करू नका, हवा मिळाली नाही तर तो चालतच नाही. स्टिकर काढल्यापासून तो झिजू लागतो, वापरा किंवा न वापरा. म्हणून पाकीट घेऊन ठेवायचं आणि लागेल तसा एक उघडायचा.

सगळ्याच कॅमेऱ्यांना हे लागू नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरला व्होल्टेजचा फारसा फरक पडत नाही. के१००० मुळातच आजही मिळणाऱ्या एलआर४४ वर चालतो, पण त्याला मीटर बंद करायचा खटका नाही. लेन्सवर झाकण न लावता ठेवला की सेल उतरतो.

सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन संपर्क पुसा, मग स्पिरिटने कोरडं करा. आपल्या दमट हवेत हे ठरलेलंच.

फिल्म कुठे ठेवली होती

स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेला रोल, किंवा जूनमध्ये घालून दिवाळीला संपवलेला रोल, यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. उष्णता आणि ओलाव्याने कृष्णधवल फिल्मवर फक्त करडा धूर चढतो. रंगीतचे थर मात्र वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात, म्हणून फोटो किरमिजी किंवा हिरवट येतात. रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर तास-दोन तास तसाच राहू द्या, मगच डबी उघडा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. कॅमेऱ्यात घातलेला रोल महिनाभरात संपवा. दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून जाताना रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन सामानात कधीच नको.

टॉर्च आणि लेन्स

लेन्स काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून फोनचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर बुरशी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, आणि बुरशीला ६०-६५ टक्केही पुरतात. चामड्याची मूळ पेटी दिसायला देखणी असली तरी ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून बाहेर काढा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं. तांदूळ नको, त्याची पूड जाते.

पुढच्या काचेवर बाहेरून बुरशी असेल तर मऊ कापड आणि लेन्स क्लीनर पुरे. आतल्या काचांमध्ये असेल तर थांबा. कडेला दोन-तीन धागे असतील तर फोटोत काहीच दिसत नाही, नुसतं वाढतंय का ते बघत राहा.

लेन्स सरसकट पिवळी दिसली तर बुरशी नव्हे. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या बऱ्याच प्रतींत थोरियम असलेली काच आहे, ती वर्षांनी पिवळसर पडते. कृष्णधवलला तो फुकटचा हलका पिवळा फिल्टर, रंगीतला मात्र चहाची झाक. काही दिवस अतिनील दिव्याखाली ठेवली तर काच बरीच निवळते.

आता अॅपर्चर एफ/१६ ला लावून लेन्सच्या मागची पिन किंवा खिट्टी दाबून सोडा. पाती झटक्यात हलली पाहिजेत. रेंगाळली, किंवा त्यांच्यावर तेलाची चमक दिसली, तर शटर सुटेपर्यंत ती बंदच होत नाहीत. गोव्यातल्या उन्हात आपण कायम एफ/११-१६ वर असतो, म्हणून हा दोष इथे लवकर उघडा पडतो.

सील: हाताने करता येईल ते शेवटचं काम

मागच्या झाकणाच्या खोबणीतला काळा फोम काळानुसार विरघळून डांबर होतो. बोट लावून बघा, काळं चिकट लागलं तर सील गेलं. उजेड कुठून येतो हे रंगीत फिल्म नेमकं सांगते: मागून आलेला उजेड आधी फिल्मच्या पाठीतून जातो आणि सर्वांत खालच्या, लाल उजेडाला जागणाऱ्या थराला पहिला भेटतो, म्हणून डाग लाल-नारिंगी. पुढून, म्हणजे शटरमधून, शिरलेला उजेड पांढरट डाग पाडतो. कृष्णधवलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. फिल्मवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत खाली दिसणारा डाग कॅमेऱ्याच्या वरच्या कडेचा, हेही विसरू नका.

खात्रीसाठी अर्धा रोल नेहमीसारखा काढा, उरलेल्या अर्ध्याला झाकणाची फट बाहेरून काळ्या कापडी टेपने बंद करा. डाग थांबले तर दुरुस्ती सोपी: बांबूची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जुना चिकटा खरवडा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कचरा शटरवर पडणार नाही. पडद्याला बोट, काडी, कापूस काहीही लावू नका. खोबणीत काळी जाड लोकर दाबून बसवली तरी भागतं, बिजागरीच्या बाजूला पातळ काळ्या फोमची रुंद पट्टी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही मिळून जातं. आरशाच्या वरचा फोम मात्र बेताने, त्याचा चिकटा फोकसिंग स्क्रीनवर पडला तर निघत नाही.

कृष्णधवल घरी धुताना

वर सांगितलेली उलटी तक्रार ही. पाकिटावरची वेळ २० अंशांची असते आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी ३० च्या आसपास. आयडी-११ डेव्हलपरमध्ये एचपी५ प्लसला २० अंशांना साडेसात मिनिटं, २४ ला जेमतेम सव्वापाच. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर आकाशात पट्टे येतात. म्हणून डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरा, २० अंशांची वेळ १३ मिनिटं होते, २४ ला साधारण नऊ. बर्फाच्या पाण्यात बाटली बुडवून २४ पर्यंत आणणं अवघड नाही. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, संपला. रोलच्या टोकाचा तुकडा फिक्सरमध्ये टाका, ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागला तर तो ओतून द्या. दुधाळ निगेटिव्ह ताज्या फिक्सरमध्ये परत घालून धुतली की सुधारते.

शटर, आणि इथे थांबायचं

तपासणी तुम्ही करा, दुरुस्ती नको. रोल नसताना मागचं झाकण उघडा, लेन्स उजळ भिंतीकडे धरा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनने शटर चित्रित करा. १/३० ला साधारण आठ फ्रेम उजेड दिसायला हवा, १/६० ला चार. १/१२५ च्या पुढे ही युक्ती निरुपयोगी. वेगवान शटरसाठी रोलच्या शेवटच्या तीन फ्रेम मोकळ्या आकाशावर १/२५०, १/५०० आणि १/१००० ला काढा. एक बाजू काळी आली तर पडदे एकमेकांना गाठताहेत. तोवर १/२५० पर्यंतच वापरा, कॅमेरा निकामी नाही.

यापुढे मेकॅनिक: मंद स्पीड अडकणं, पडदे, पात्यांवरचं तेल, आतल्या काचांची बुरशी, मेलेला मीटर. याशिका इलेक्ट्रो ३५ चा लिव्हर ओढताना आतून 'टक' आवाज येत नसेल तर आतली छोटी रबरी गादी झिजली आहे, ती बदलायला कॅमेरा उघडावा लागतो, तेही त्याचंच काम. शटरमध्ये शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारून आणलेला कॅमेरा दुरुस्त करायला दुप्पट खर्च येतो, आणि कधी येतच नाही.

ओळखीचा मेकॅनिक इथे नसेल तर मुंबईत फोर्ट-बोरा बझारच्या बाजूला जुन्या कॅमेऱ्यांचं काम करणारे भेटतात. कोकण रेल्वेने कुणी जात असेल त्याच्या हाती द्या, कुरिअरपेक्षा बरं. सोबत दोषाच्या निगेटिव्हची पट्टी आणि कोणत्या फ्रेमला कोणता स्पीड-अॅपर्चर होता याची चिठ्ठी द्या. खर्च आधी विचारा. साध्या के१०००ला दुसरा चालू कॅमेरा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडू शकतो. आणि आत रोल असेल तर आधी काढून घ्या, मागचं झाकण विचारून उघडणारा मेकॅनिक मी अजून पाहिला नाही.